दोन मीटर अडतीस

टेप संपली आणि गाडी अजून शिल्लक होती.

बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, त्यांची ही पाच मीटरची स्टीलची टेप. पिवळी डबी, त्यावर खिळ्याने कोरलेलं आडनाव. कपाट घ्यायचं असो की फ्रीज, आमच्या घरातून आधी ही टेप निघते आणि मग माणसं निघतात. इतक्या वर्षांत ती कुठे कमी पडली नव्हती. त्या दिवशी शोरूमच्या चकचकीत फरशीवर मी पुढच्या बंपरपाशी उकिडवा बसलो, बायकोला दुसरं टोक घेऊन मागे पाठवलं, तर ती मागचा बंपर यायच्या वीतभर आधीच थांबली आणि म्हणाली, "अहो, पुढे येतच नाहीये ही." सेल्सचा मुलगा बिचारा गडबडला, सर ब्रोशरमध्ये आहे ना सगळं म्हणाला. होतंच की. मर्सिडीजची जीएलएस, लांबी ५२०७ मिलिमीटर, ठळक अक्षरात छापलेलं. पण मिलिमीटर वाचून काही कळत नाही हो, बायको वीतभर अलीकडे थांबली की कळतं.

आता ही एवढी मोठी गाडी मला का पाहिजे याचं खरं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं सगळं शहाणपण तुम्ही त्या हिशोबाने वाचाल. माझ्या साडूकडे आहे. बास. बाकी सेफ्टी, लाँग ड्राइव्ह, आईचे गुडघे, ही सगळी कारणं मी नंतर जमवली. साडूची दोन वर्षांपूर्वी आली, काळी, आणि गंगापूर रोडवरच्या लॉन्सला लग्नाला गेलो की त्याच्या गाडीसाठी वॉचमन दोरी खाली सोडतो आणि माझ्या २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टाला हाताने "मागे, मागे" करतो. अंबडला माझं कोरोगेटेड बॉक्सचं युनिट आहे, द्राक्षाच्या पेट्या बनवतो, गेले दोन सीझन बरे गेले, म्हटलं बघू तरी. बघू तरी म्हणता म्हणता चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत मी निम्मं नाशिक टेपने मोजून काढलं.

सुरुवात घरापासून. गाडी घेताना आपण ती पळताना कशी दिसेल याचा विचार करतो, पण माझी गाडी घर ते अंबड अकरा किलोमीटर जाते आणि अकरा किलोमीटर येते, सिग्नल धरून दिवसाचा दीड तास. उरलेले साडेबावीस तास ती उभी असते. म्हणजे खरं तर मी उभी राहणारी वस्तू घेतोय, कपाटासारखी. मग कपाटाचा नियम तिलाही लावायला नको का.

आमची सोसायटी २००८ ची, खाली स्टिल्ट पार्किंग, दोन खांबांच्या मध्ये एक गाडी. दिवसा मोजायची लाज वाटली म्हणून रात्री साडेदहाला टेप घेऊन उतरलो, वॉचमन मामांना दुसरं टोक धरायला लावलं. मामांनी धरलं, मोबाइलचा टॉर्चही मारला, आणि हळूच विचारलं, "साहेब, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली का?" मी नाही म्हटलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही, सकाळी ग्रुपवर तोच विषय.

खांब ते खांब दोन मीटर अडतीस. आरसे उघडे धरले तर ती गाडी दोन मीटर पंधराच्या पुढे जाते, आरसे मिटून दोनाच्या आसपास. आरसे मिटून आत घातली आणि डावीकडच्या खांबाला अगदी खेटून लावली, तर माझ्या बाजूला उरतात जास्तीत जास्त पस्तीस-चाळीस सेंटिमीटर. त्यात दार उघडायचं, आणि या गाड्यांची दारं जाड असतात, तिजोरीसारखी, त्या दाराच्या आणि खांबाच्या मधून मी बाहेर यायचं. घरी येऊन आरशासमोर आडवा उभा राहिलो आणि बायकोला माझं पोट मोजायला लावलं. तो आकडा इथे लिहीत नाही. पण रोज संध्याकाळी डिकीतून उतरावं लागेल एवढं मात्र नक्की झालं.

लांबीचंही तेच. भिंतीपासून ड्राइव्हवेच्या पट्टीपर्यंत चार मीटर नव्वद. म्हणजे फूटभर गाडी कायम पट्टीच्या बाहेर, आणि नेमका तिथेच उन्हाळ्यात पाण्याचा टँकर वळतो. चेअरमन बोलणार नाहीत, चांगला माणूस आहे, पण टँकरवाला बोलेल.

तुमची बिल्डिंग नवी असेल तर हसू नका, तुमच्याकडे वेगळीच गंमत आहे. माझ्या एका मित्राचा पाथर्डी फाट्याकडे नवा फ्लॅट आहे, तिथे स्टॅक पार्किंग, एकावर एक गाडी, बटण दाबलं की वरची प्लेट खाली येते. मी सवयीने टेप काढली, पण मोजायची गरजच पडली नाही, खांबावर निळी पाटी होती, कमाल वजन २००० किलो. या सगळ्या दांडग्या गाड्या, जीएलएस घ्या, बीएमडब्ल्यूची एक्स७ घ्या, लँड क्रूझर घ्या, रिकाम्या उभ्या असताना अडीच टनाच्या आसपास. अडीच टन म्हणजे तीन अल्टो एकावर एक ठेवा आणि वर एक बुलेट चढवा. इलेक्ट्रिकमधल्या मोठ्या तर बॅटरीमुळे अजून जड. तेव्हा बुकिंग करायच्या आधी ती पाटी वाचा, आणि ब्रोशरमध्ये कुठलं वजन दिलंय तेही नीट बघा, एक असतं कर्ब वेट म्हणजे डिझेल-ऑइल भरलेली पण बिनमाणसांची गाडी, आणि एक असतं ग्रॉस, म्हणजे सात माणसं आणि त्यांच्या बॅगा धरून जास्तीत जास्त किती. दोन्हीत पाऊण टनाचा फरक पडतो. मित्राने विचारलं, "मग वरच्या प्लेटवर नाही, खालच्यावर लावली तर?" खालची उचलली जात नसेल तर चालेलही, पण मग वरच्याची गाडी काढताना तुमची दरवेळी बाहेर काढावी लागणार का हे आधी त्या वरच्याला विचारा, आणि मुळात गाडीची उंची त्या प्लेटखाली बसते का तेही.

पार्किंगनंतर गल्ली. नाशिक म्हणजे काही नुसता कॉलेज रोड नाही. आमचं सगळं मूळ जुन्या नाशकात, दहीपुलाच्या मागे आतेभावाचा वाडा आहे, गौरी-गणपतीला तिथे जावंच लागतं. क्रिस्टासुद्धा मी रविवार कारंजाच्या आसपास कुठेतरी सोडतो आणि चालत जातो, ते एक वेळ ठीक आहे. पण पंचवटीत आईला काळारामाच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यावं लागतं, तिला चालवत नाही, आणि तिथल्या गल्ल्यांत समोरून एक रिक्षा आली की कुणीतरी मागे जायचं हे ठरलेलंच. मोठ्या गाडीत बसलं म्हणून रिक्षावाला मागे जाईल असं वाटत असेल तर तुम्ही नाशिकचे नाही. त्यात आता २०२७ च्या कुंभासाठी जिथे बघावं तिथे खोदकाम, कालचा रस्ता आज अर्धा झालेला असतो.

वळण्याच्या बाबतीत एक फसगत सांगतो, मी स्वतः फसलो. क्रिस्टाच्या माहितीत ५.४ मीटर लिहिलेलं असतं आणि या मोठ्या गाड्यांच्या माहितीत ११ नाहीतर साडेबारा, मला वाटलं बापरे दुप्पट जागा लागते वळायला. तसं नाहीये, एक जण त्रिज्या देतो आणि दुसरा व्यास. ५.४ ला दोनाने गुणा मग तुलना करा. आणि रेंज रोव्हरसारख्या काही गाड्यांची मागची चाकंसुद्धा हळू वेगात थोडी वळतात, त्यामुळे एवढं धूड असूनही ती बऱ्यापैकी लहान जागेत फिरते. म्हणजे नुसत्या लांबीवर जाऊ नका. शोरूमवाल्याला सांगा टेस्ट ड्राइव्ह हायवेला नको, आमच्या गल्लीत दे. माझ्या वेळी त्याचं तोंड उतरलं, पण आला.

टेस्ट ड्राइव्हला गाडी आमच्या दारात आली तेव्हा आईला मुद्दाम खाली आणलं. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले. क्रिस्टाची सीट तिच्या कमरेच्या उंचीला येते, ती आधी बसते आणि मग पाय आत घेते, ओसरीवर बसावं तशी. इथे फूटबोर्डवर पाय ठेवायचा, वरचं हँडल पकडायचं आणि स्वतःला ओढून घ्यायचं. मुलाने बटण दाबून सस्पेन्शन खाली केलं, गाडी फुस्स करून चार बोटं बसली, आई दचकून मागे सरकली. मग आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून तिला चढवलं. आत बसल्यावर तिने मऊ लेदरवरून हात फिरवला, काचेतून इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे रे, पण मला दर वेळी असं हमालासारखं चढवणार का तुम्ही?" उतरताना तर अजूनच अवघड, पाय खाली टेकतच नव्हता, पदर हँडलला अडकला. आईचे गुडघे हे माझ्या यादीतलं गाडी घेण्याचं कारण नंबर तीन होतं, ते तिथेच कापलं गेलं.

त्याच दिवशी मी अजून एक उद्योग केला आणि तो सगळ्यांनी करावा असं मला खरंच वाटतं. बी विंगमध्ये एक चार-साडेचार वर्षांची पोरगी आहे, तिची गुलाबी सायकल, बाजूला दोन छोटी चाकं, संध्याकाळभर पार्किंगमध्ये गोल गोल फिरत असते. गाड्यांच्या समोर अचानक उगवते. मी युनिटवरून पाच किलोच्या द्राक्षाच्या रिकाम्या पेट्या आणल्या होत्या, त्या एकावर एक रचल्या तीन फुटांपर्यंत, म्हणजे साधारण त्या पोरीएवढी उंची, आणि तो ढीग गाडीच्या नाकाला चिकटवून ठेवला. ड्रायव्हर सीटवर बसलो. समोर नुसतं बॉनेट, बॉनेटच्या पलीकडे कंपाउंडची भिंत आणि बोगनवेल, मधे काहीच नाही. जग अगदी मोकळं. बायकोला म्हटलं सरकव मागे. एक पाऊल सरकवला, नाही दिसला. अजून एक, नाही. ती ढीग ढकलत ढकलत मागे जातेय, मला तिचं डोकं दिसतंय पण पेट्या नाहीत, शेवटी सगळ्यात वरच्या पेटीची कड दिसली तेव्हा हात वर केला. उतरून टेप लावली. एक मीटर वीस. क्रिस्टाच्या नाकाशी तोच ढीग ठेवला तर वरची पेटी हातभर अंतरावरच दिसायला लागली होती.

सेल्सचा मुलगा म्हणाला, सर ३६० कॅमेरा आहे ना. आहे, आणि खूप भारी आहे, वरून घारीने बघावं तशी गाडी दिसते स्क्रीनवर, पेट्यांचा ढीगसुद्धा स्वच्छ दिसला. पण सकाळी घाईत कुणी स्क्रीनकडे बघतं का, आणि पावसाळ्यात त्या कॅमेऱ्याच्या भिंगावर चिखलाचा एक थेंब बसला की घार आंधळी. मी गाडी घेऊ नका म्हणत नाहीये. पेट्या रचून बघा म्हणतोय. पेट्या नसतील तर माझ्याकडून न्या.

आता साडूचा चिखल. हा किस्सा मी प्रत्येक कार्यक्रमात सांगतो, त्यामुळे त्याला सवय झालीये.

दिंडोरीकडे माझ्या चुलतभावाची बाग आहे. मागच्या ऑक्टोबरात गोडी छाटणी चाललेली आणि परतीचा पाऊस आदल्या रात्री पडून गेलेला. आम्ही सगळे जेवायला निघालो, मी माझी गाडी डांबरी रस्त्यावरच लावली, चप्पल हातात घेतली आणि चालायला लागलो. साडू म्हणाला, "दादा, फोर व्हील ड्राइव्ह कशासाठी घेतलीये मग?" आणि त्याने ते एक गोल बटण फिरवून चिखलाचा मोड लावला आणि बांधाच्या कडेने आत घातली. पन्नास फूट रुबाबात गेली. मग काळी माती काय असते ते तिने दाखवलं. या गाड्यांना एकवीस इंची चाकं आणि रस्त्यावरचे गुळगुळीत टायर, खाचा बारीक, त्या खाचांत आपली माती भरली की टायरचा लाडू होतो. चारही चाकं फिरतात हो, फोर व्हील ड्राइव्हच आहे ती, चारही चाकं अगदी इमानदारीने जागच्या जागी फिरतात आणि अडीच टन वजन आरामात खाली बसत जातं. तो रेस देतोय, आम्ही सगळे बांधावर, काकू हातात लाटणं घेऊनच बाहेर आलेली.

चुलतभावाने बागेतला मिनी ट्रॅक्टर आणला. द्राक्षाच्या ओळींत फिरायला म्हणून तो लहानसा असतो, त्याचं स्वतःचं वजन टनाच्या आतबाहेर, त्याने जोर लावला तर गाडी हलायची सोडून ट्रॅक्टरचंच नाक वर उठलं. "पाव्हणं, थांबा थांबा," म्हणत भाऊ उडी मारून खाली. मग शेजारच्या मळ्यातून पन्नास एचपीचा मोठा ट्रॅक्टर आला, तर पुढचा प्रश्न, दोर बांधायचा कुठे? एवढ्या मोठ्या गाडीला पुढे हुकच नाही. असतो, पण तो डिकीच्या फरशीखाली टूलकिटमध्ये सुटा ठेवलेला असतो, बंपरवरचं एक छोटं चौकोनी झाकण काढून आट्याने आत बसवायचा. हे साडूला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. फोनवर मॅन्युअल शोधण्यात पाऊण तास गेला, बागेत रेंज एक काडी. तेवढ्यात आमचं पिठलं-भाकरीचं जेवण आवरलं. त्याचं ताट काकूने झाकून ठेवलं होतं.

तर गाडी घेतली की पहिल्या दिवशी तो हुक कुठे आहे ते बघा. आणि बंद पडली तर तिला पुढची नाहीतर मागची दोन चाकं उचलून ओढत न्यायची नसते, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी पूर्ण फ्लॅटबेडवर चढवावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सची वाट. ज्या ब्रँडची घेणार त्याचं वर्कशॉप नाशकात आहे की दर खेपेला ठाण्यापर्यंत वरात जाणार हेही डिस्काउंटच्या आधी विचारा.

साडूची दुसरी डोकेदुखी डिझेलची. त्याचं ऑफिस घरापासून तीन किलोमीटर. आताच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत एक जाळी असते, डीपीएफ, ती काजळी अडवून धरते आणि भरत आली की आपली आपण जाळून साफ होते. पण त्यासाठी इंजिन चांगलं तापलेलं पाहिजे आणि गाडी एका लयीत पंधरा-वीस मिनिटं पळायला पाहिजे. तीन किलोमीटरात, तेही कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलवर, काय तापणार डोंबल. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यामुळे त्याचा ड्रायव्हर दर रविवारी सकाळी रिकामी गाडी घेऊन पिंपळगाव टोलपर्यंत जातो आणि परत येतो, कुत्र्याला फिरवून आणावं तसं. शिवाय धूर साफ करायच्या युरियाच्या पाण्याची, म्हणजे ॲडब्लूची, वेगळी टाकी, ती संपत आली की गाडी आधी इशारे देते आणि ते ऐकले नाहीत तर एकदा बंद केल्यावर परत सुरूच होत नाही. जीएलएसची मुख्य टाकी नव्वद लिटरची, म्हणजे फुल म्हटलं की आठ हजार. तुमचं फिरणं माझ्यासारखं गावातल्या गावात असेल तर सरळ पेट्रोल बघा, जास्त पिईल पण रविवारची फेरी वाचेल.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण ज्याला परवडतं तो विचारत नाही आणि ज्याला परवडत नाही तो हे वाचून चिडतो. एक्स-शोरूम एक कोटी तीस लाख धरा. वीस लाखांच्या वरच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात १५ टक्के टॅक्स, पेट्रोलला १३. डिझेलचे झाले साडेएकोणीस लाख, म्हणजे जवळजवळ एक नवी क्रिस्टा नुसती पेठ रोडच्या आरटीओत ठेवून यायची. पूर्वी या टॅक्सला वीस लाखांची कमाल मर्यादा होती, १ जुलै २०२५ पासून ती तीस केली. मला वाटलेलं कंपनीच्या नावावर घेऊ, शहाणपणा, तर सीए म्हणाले कंपनीच्या नावाला सरसकट २० टक्के, सव्वीस लाख, आणि भरलेला जीएसटी एक रुपया परत मिळत नाही, प्रवासी गाडीला क्रेडिटच नाही. घसारा मिळेल वर्षाला १५ टक्के, तेवढाच. बरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी सेस धरून पन्नासवरून चाळीसवर आला ही एक चांगली बातमी, आणि शोरूमवाला आगाऊ घेतो तो वरचा एक टक्का टॅक्स, टीसीएस, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना वळता होतो. इन्शुरन्समध्ये पाच वर्षं भरेपर्यंत गाडीची किंमत निम्मी धरली जाते. कव्हर घेताना इंजिनात पाणी गेल्याचं धरून घ्या, ज्यांनी गोदाघाटावर पार्क केलेल्या गाड्या पुरात तरंगताना बघितल्यात त्यांना वेगळं सांगायला नको, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गाडी कितीची होती हे नदी विचारत नाही. डिफेंडरसारखी गाडी ९०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते म्हणतात, पण ती चालवत असताना. आपण जिलबी खायला गेलेलो असताना नाही.

आमचे ड्रायव्हर काका आधी ट्रकवर होते, त्यांना मी टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसवलं होतं. परत आल्यावर विचारलं कशी वाटली, तर म्हणाले, "शेठ, गाडी पलंगासारखी आहे. पण घाट उतरताना झोपायचं नाही." त्यांचं म्हणणं असं की ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं हा ट्रकवाल्यांचा नियम, आणि ऑटोमॅटिकवाले कसारा घाट सगळा डीमध्ये टाकून ब्रेकवर उतरतात. वजन जितकं जास्त तितकी उतारावर ब्रेकमध्ये आग जास्त, क्रिस्टापेक्षा ही बरीच जड. डिस्क मोठ्या असतात हे खरं, पण स्टिअरिंगमागची पट्टी ओढून गिअर खाली आणायची सवय लावून घ्यावी लागते. आता समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तो लांबलचक बोगदा झाला, मुंबईला जायला घाट टाळता येतो. पण समृद्धीवर १२० पर्यंत मुभा आहे आणि ८० चे १२० केले की वेग दीडपट होतो, धडकेचा जोर सव्वादोन पट. हे शाळेच्या पुस्तकात होतं, मलाच विसरायला झालेलं. काकांनी अजून एक दाखवलं, डिकीत स्टेपनी नाही, बारकं टेंपररी चाक, त्यावर ८० च्या वर पळवायचं नाही असा पिवळा स्टिकर. म्हणून द्वारकाजवळच्या आमच्या टायरवाल्याला साइज व्हॉट्सॲप केली. त्याचं उत्तर आलं, शेठ मुंबईहून मागवावा लागेल, दोन दिवस. किमतीचा आकडा बघून मी साइज परत चेक केली, मला वाटलं चुकून चारचा भाव दिला.

इतकं सगळं मोजून झालं, वहीत दोन पानं आकडे भरले, बायको म्हणाली आता विषय बंद. मी बंद केला.

आणि मागच्या शनिवारी साडूचा फोन. "दादा, सासूबाई आल्यात आमच्याकडे, उद्या त्यांना काळारामाला न्यायचंय, मग भद्रकालीला. तुझी क्रिस्टा दे ना एक दिवस. माझी तुझ्याकडे ठेव." मी आढेवेढे घेतले, दोन सेकंद. "अजून एक काम होतं," तो म्हणाला, "ड्रायव्हर सुट्टीवर आहे. दिवा लागलाय."

तर रविवारी सकाळी साडेसहाला मी त्याची काळी गाडी घेऊन निघालो. द्वारकाचा पूल रिकामा, आडगाव मागे पडलं, ओझरला विमानतळाचा फाटा गेला, बाहेर धुकं होतं आणि आत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, इंजिनसुद्धा कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलत असल्यासारखं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, सीटच्या उंचीवरून पार ओळींच्या शेवटापर्यंत दिसत होत्या, क्रिस्टातून नुसती पहिली ओळ दिसते. टोलच्या अलीकडे दिवा विझला. तिथून परत फिरायचं ठरलेलं होतं. मी टोल भरला आणि पुढे गेलो, वडाळीभोईपर्यंत, काही काम नसताना.

परत आलो, खांबांच्या मध्ये घालायला अकरा मिनिटं लागली, मामा समोर उभे राहून दोन्ही हातांनी "येऊ द्या, येऊ द्या" करत होते. डिकीतून उतरलो. बी विंगची पोरगी सायकल थांबवून बघत होती, तिला वाटलं हाच रस्ता असतो उतरायचा. शेपूट फूटभर बाहेर आलेलंच होतं. मामांनी टाकीमागून लाल रंगाचा कोन ओढत आणला, गाडीच्या मागे ठेवला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि अजून थोडा लांब सरकवला.